खेळातून जमणारा निधी आणि दुर्मीळ मेंदुरोग

इंग्लंड-अमेरिकेत परोपकाराची एक पद्धत चांगलीच रुळली आहे. एखाद्या रोगावरील संशोधनासाठी गोल्फच्या मैदानावर एक दिवस सामने भरवितात. खेळणारे प्रवेशशुल्क देतात, व्यापारी कंपन्या मैदानावरील एकेका खळग्यापाशी आपली पाटी लावून त्याबद्दल रक्कम देतात, सायंकाळी भोजन व लिलाव होतो आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा रोगनिवारक संस्थेच्या हाती पडतो. धनिकांच्या करमणुकीला दिलेला हा धर्माचा मुलामा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पैसा कोठून आला यापेक्षा तो कोणत्या कामी लागला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

हंटिंग्टनच्या रोगाचे उदाहरण घेऊ. १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरने त्याचे नेमके वर्णन केले. हा रोग बहुधा तिशी-चाळिशीत प्रकट होतो. हातपाय अनावर हलू लागतात, बुद्धी व स्वभाव पालटतात आणि मेंदूतील पेशी क्रमाक्रमाने नाश पावतात. आईबापांपैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव निम्मा असतो. रोगी थोडे असल्याने दीर्घकाळ याकडे फारसे कोणी वळले नाही.

ही उपेक्षा प्रथम मोडली ती रोग्यांच्या आप्तांनी. लोकगायक वुडी गथ्री १९६७ मध्ये या रोगाने वारले. त्याच वर्षी त्यांच्या पूर्वपत्नी मार्जोरी यांनी एक संस्था उभारली. १९६८ मध्ये मिल्टन वेक्सलर या मनोविश्लेषकांनी, पूर्वपत्नीला हा रोग असल्याचे कळताच, निधी जमविण्यास प्रारंभ केला. त्या पैशातून त्यांनी निरनिराळ्या शास्त्रांतील तरुण संशोधकांच्या लहान बैठका भरविल्या. पुढे व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या मोठ्या रोगग्रस्त कुटुंबांचा अभ्यास झाला. १९८३ मध्ये रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे आढळले व १९९३ मध्ये ते प्रत्यक्ष हाती आले.

या यशात देणगीचा वाटा कोणता? ज्या कल्पनेला सरकारी समिती कदाचित हात लावणार नाही, ती पडताळून पाहण्यास थोडा परंतु मोकळा पैसा तिने पुरविला. मात्र व्हेनेझुएलातील वर्षानुवर्षांच्या कामाला अमेरिकेच्या सरकारी तिजोरीचे पाठबळ लागले. जनुक सापडल्यावर तीस वर्षे लोटली, तरीही रोगाची वाटचाल थांबविणारे औषध हाती आले नव्हते. एवढी दीर्घ प्रतीक्षा केवळ देणग्यांवर निभावत नाही. शिवाय देणगी लोकप्रियतेमागे जाते. ज्या रोगाला नामांकित आश्रयदाता लाभला त्याला ती मिळते; ज्याचे रोगी निर्धन व विखुरलेले, तो रोग मागे राहतो.

आपल्या देशालाही हा विचार लागू पडतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाने रोग्यांसाठी ऐच्छिक देणग्या स्वीकारण्याची व्यवस्था केली. २०२२ मध्ये उपचारार्थ सरकारी साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. ही रक्कम लहान नव्हे. परंतु काही दुर्मीळ रोगांचे उपचार जन्मभर चालतात, आणि तेथे ती लवकरच संपते. त्यापुढील भार अनोळखी दात्यांच्या दयेवर सोडणे न्याय्य नाही.

म्हणून कामाची वाटणी स्पष्ट असावी. रोग्याचा नित्य उपचार हे शासनाचे कर्तव्य मानावे. देणगीने नव्या संशोधनाचा प्रारंभ करावा, रोग्यांची नोंदवही व रक्तनमुन्यांचा संग्रह उभारावा, तरुण संशोधकांस वेतन द्यावे. दात्यानेही खर्चाचा हिशेब मागावा, आणि संशोधनाची निवड तज्ज्ञांनी निःपक्षपातीपणे केली आहे काय, हे विचारावे. अशा रीतीने जमविलेला पैसा गोल्फच्या मैदानावरून आला तरी तो स्वागतार्हच आहे. मात्र सामन्याच्या दिवशी पाऊस पडला म्हणून कोणा रोग्याचे औषध चुकू नये.