गाडीचा ठावठिकाणा कुणासाठी?

शहरात उंच इमारतींवर आदळून उपग्रहाचे संदेश भरकटतात आणि गाडी भलत्याच गल्लीत दिसते. म्हणून रस्त्याच्या कडेला बिनतारी यंत्रे बसवण्याचे तंत्र आले. यंत्राची जागा पक्की असते. संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते, अशी तीन-चार अंतरे जुळवली की गाडी सापडते.

याच घराण्यातला फास्टॅग. काचेवरची चिप नाक्यावरचे यंत्र वाचते. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या सर्व रांगा फास्टॅगच्या झाल्या, टॅग नसेल त्याला तेव्हा दुप्पट टोल! वसुलीचे तंत्र कसे झपाट्याने येते.

आता चांदूर बाजारला या. इथे गगनचुंबी इमारती नाहीत, आभाळ मोकळे आहे. उपग्रहाचे साधे यंत्र पुरते. 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी बसला ते यंत्र आणि संकटकाळचे बटण सक्तीचे आहे. मग अडचण तंत्राची कशी? अमरावतीच्या कॉलेजला निघालेली मुलगी, मजुरीला जाणारी बाई, दवाखान्याचे कागद सांभाळत बसलेला म्हातारा, यांना एसटी कुठवर आली एवढेच हवे असते. गाडी चुकली की त्या दिवसाची मजुरी बुडते. मोटारवाल्यांना हा प्रश्नच पडत नाही.

ठावठिकाणा आगाराच्या संगणकातच राहिला, तर तो चालक-वाहकांवर पाळत ठेवण्यापुरता. तो फलाटावरच्या फलकावर आणि साध्या मोबाईलवर दिसला पाहिजे. बटण दाबले तर धावून येणार कोण, हेही तिथेच लिहिलेले हवे. तहसीलवर पुढचे निवेदन न्याल, त्यात ही मागणी घाला.