चातुर्मासातलं गिऱ्हाईक

माझ्या एका मैत्रिणीने आयटीतली नोकरी सोडून पुण्यात वेडिंग प्लॅनिंग सुरू केलं. पहिला सीझन झक्कास! मग आषाढी एकादशी आली, चातुर्मास लागला आणि फोन गप्प. ऑफिसचं भाडं मात्र मुहूर्त बघत नाही.

'अजून जाहिराती करू?' तिने विचारलं. मी म्हटलं, 'आधी छोटी कामं घे. डोहाळजेवण, बारसं, साठीशांत... ती थोडीच थांबतात?'

नाक मुरडत तिने एक डोहाळजेवण घेतलं. पानं वेळेवर वाढली, आजींना आठवणीने खुर्ची दिली. तिथेच एका मावशींनी लेकीच्या लग्नासाठी नंबर मागितला. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली ऑर्डर!

बॉस, इन्स्टाग्रामवर लाइक मिळतात. गिऱ्हाईक मात्र पंगतीतच भेटतं.