आरसा आणि प्रत

घरातल्या घरात सर्व्हर चालवण्याविषयी मराठीच्या शिक्षकांनी मत द्यावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. तो संगणकवाल्यांचा छंद, असे आपण धरून चालतो. आमचा अनुभव मात्र असा की, ज्यांनी पाठचिकित्सेची शिस्त थोडीफार अभ्यासली आहे त्यांना या छंदातल्या मंडळींना सांगण्यासारखे बरेच आहे. दुर्दैवाने आम्हाला ते चूक करून झाल्यावर सुचले.

मुळात माणसे हा खटाटोप का करतात? दुसऱ्याच्या घरी ठेवलेली चीजवस्तू एक दिवस नाहीशी होते म्हणून. जिओसिटीजवरची पाने २००९ मध्ये गेली, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रूप्सचे दप्तर २०२० मध्ये कायमचे मिटले. मराठी माणसेही अशा ठिकाणी लिहीत होती, भांडत होती, कवितांचे अर्थ लावत होती. ते सगळे दुसऱ्याच्या मर्जीवर होते, हे ते गेल्यावर कळले.

म्हणून आम्ही चारपाच शिक्षकांनी आणि काही माजी विद्यार्थ्यांनी एका सहकाऱ्याच्या घरी, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात, एक जुना डेस्कटॉप मांडला. त्यावर लिनक्स, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, पुस्तकांच्या सूचीसाठी कॅलिब्रे-वेब आणि टिपणांसाठी डोकुविकी. हे शेवटचे आम्हाला विशेष आवडले, कारण ते आपला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवते. उद्या तो प्रोग्रॅम राहिला नाही तरी मजकूर वाचता येईल. स्वावलंबनाचा अभिमान मात्र पहिल्याच आठवड्यात ओसरला. आमच्या इंटरनेट जोडणीला स्वतःचा जाहीर पत्ताच नव्हता. अनेक ग्राहकांत मिळून एकच पत्ता वाटलेला, त्यामुळे बाहेरच्याला आमच्या दारापर्यंत येता येईना. अखेर परगावचा एक लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यातून वायरगार्डचा बोगदा काढावा लागला. म्हणजे घर स्वतःचे, पण वाट शेजाऱ्याच्या अंगणातून. असो.

आता मुख्य गोष्ट. त्या यंत्रात दोन हार्ड डिस्क होत्या, रेड-१ पद्धतीने जोडलेल्या: एकीवर जे लिहिले जाईल ते लगोलग दुसरीवरही लिहिले जाते. 'आमच्याकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती आहेत,' असे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असू.

स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या काही पुस्तकांचा मजकूर आमच्याकडे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला होता. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. रफार जसा डोळ्याला दिसतो तसा, म्हणजे अक्षरानंतर, साठवला जाई. युनिकोडमध्ये तो अक्षराआधी येतो. आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात एका रात्रीत सगळा संच युनिकोडात आणला आणि जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसवल्या. 'वर्ष'चे 'वषर्' आणि 'अर्थ'चे 'अथर्' झालेले दुसऱ्या दिवशीच दिसले. ते दुरुस्त केले. दिसले नाहीत ते अनुस्वार. दीर्घ ईकारावरच्या अनुस्वाराला त्या फॉन्टमध्ये वेगळी खूण होती, ती वाटेत गळून पडली. 'कवींचा' या शब्दाचे 'कवीचा' झाले. वाक्य बिनबोभाट वाचले जाते, फक्त अनेकांबद्दलचे विधान एकाबद्दलचे होते.

सात महिन्यांनी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेतल्या अवतरणावर आमच्यापैकी एक अडखळले, तेव्हा हे उघड झाले. दोन्ही डिस्का तपासल्या. त्या एकमेकींशी तंतोतंत सहमत होत्या.

वर्गात आपण शिकवतो की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते शिकवताना पाठभेद हा एक उपद्रव होता आणि नाथांनी तो निस्तरला, अशा सुरात आपण बोलतो. आम्ही तरी बोलत होतो. पण प्रती जुळत नाहीत म्हणूनच शंका येते, आणि वेगळी प्रत हाताशी असते म्हणूनच ती शंका ताडून पाहता येते. नाथांपुढे एकच पोथी आणि तिचा आरसा असता तर ताडायचे कशाशी? आमच्या कपाटात आरसा होता. प्रत नव्हती.

घरच्या सर्व्हरचे पुरस्कर्ते मालकीवर भर देतात: माझे यंत्र, माझा विदा, माझी किल्ली. साहित्याच्या दृष्टीने आम्हाला ही मालकी दुय्यम वाटते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले, बाहेरच्यांना ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. तरीही ते टिकले, कारण पंथात नकला होत राहिल्या आणि लिपीची किल्ली अनेकांजवळ होती. आमच्या कूटबद्ध डिस्कची किल्ली तेव्हा एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो मोटारसायकलवरून रोज चाळीस किलोमीटर ये-जा करीत असे. संगणकवाल्यांत तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, असा एक नियम रूढ आहे. तो चांगला आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की प्रतींवर तारखा असाव्यात, जुनी प्रत नवीने पुसू नये, आणि निदान एक प्रत अशा माणसाकडे असावी जो तिच्यात आपल्या मनाने दुरुस्त्या करील.

ही शेवटची अट विचित्र वाटेल, पण आमचे काम अशाच एकाने वाचवले. एका माजी विद्यार्थ्याने रूपांतरापूर्वीच, कोणाला न विचारता, सगळा संच पेनड्राइव्हवर उतरवून नेला होता. त्यावरून अनुस्वार परत मिळाले. मात्र काही फाइलींत त्याने छापील आवृत्ती पाहून स्वतःचे फेरफार केले आहेत, आणि ती आवृत्ती कोणती हे त्याला आता आठवत नाही. सध्या दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून आम्ही दर शनिवारी बसतो. बावीस जागी अजून एकमत झालेले नाही.