शब्दांची जात जन्माने ठरत नाही

चोखंदळ इंग्रजी लिहिणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. नामाला क्रियापद करून राबवण्याची खोड म्हणे कंपन्यांच्या मीटिंगांतून आली आणि चांगली भाषा नासली. पुरावा म्हणून ‘इम्पॅक्ट’ पुढे करतात: हे तर नाम, क्रियापद कसं होईल? हा पुरावा त्यांच्यावरच उलटतो. इंग्रजीत ‘इम्पॅक्ट’ हे क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभापासून आहे; नाम आलं अठराव्या शतकात. तेव्हा क्रियापदाचा अर्थ ‘दाबून बसवणे’ असा होता, हे मान्य. पण आक्षेप अर्थावर नाही, जातीवर आहे.

तक्रारही जुनीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७८९मध्ये कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून ‘नोटिस’, ‘अॅडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ क्रियापदासारखे वापरण्यावर नापसंती कळवली होती. आज ‘नोटिस’ हे क्रियापद कोणालाही खटकत नाही.

मुळात हा बिघाड नव्हेच, ही त्या भाषेची घडण आहे. जुन्या इंग्रजीत प्रेम ‘लुफू’ आणि प्रेम करणं ‘लुफियन’, अशी वेगळी रूपं होती. पुढच्या शतकांत प्रत्यय झिजले आणि दोन्हींचं ‘लव्ह’ झालं. प्रत्ययाचं काम आता शब्दाची वाक्यातली जागा करते. मराठी क्रियापदाला काळ, लिंग, वचन, पुरुष वागवावे लागतात, म्हणून आपण नामाला रूप देऊन घेतो: हातापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे. खर्च फारसीतून आला, त्याचंही ‘खर्चणे’ केलं. असा नामधातू आपल्याला चालतो, मग इंग्रजीचाच का सलावा?

इंग्रजी माणसाने तर अख्खं शरीर कामाला लावलं आहे. ‘हेड’ म्हणजे नेतृत्व करणे, ‘आय’ म्हणजे न्याहाळणे, ‘शोल्डर’ म्हणजे जबाबदारी पेलणे, ‘एल्बो’ म्हणजे कोपराने ढकलणे, ‘स्टमक’ म्हणजे निमूट सोसणे, आणि बिल चुकतं करायचं तर ‘फूट’. इतक्या थोडक्यात इतकं चित्रमय बोलता येणं ही श्रीमंतीच आहे.

यातून गोंधळ होतो, हा दुसरा आक्षेप. ‘डस्ट’ घ्या. टेबल डस्ट केलं की धूळ जाते, पीक डस्ट केलं की त्यावर भुकटी पडते. अर्थ थेट उलटे. तरी ऐकणारा चुकत नाही, कारण टेबलाचं काय करतात आणि पिकाचं काय, हे त्याला ठाऊक असतं. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ यांत आघातही मदतीला येतो: नामात पहिल्या अक्षरावर, क्रियापदात दुसऱ्यावर.

आणि इथे मोकाट कारभारही नाही. ‘समर’ आणि ‘विंटर’ ऋतू घालवण्याच्या अर्थाने क्रियापदं होतात, ‘स्प्रिंग’ आणि ‘फॉल’ होत नाहीत. उसळणे आणि पडणे या अर्थांनी त्या जागा आधीच भरल्या आहेत. भाषा-अभ्यासक ईव्ह आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९मध्ये हे नेमकं दाखवलं.

तेव्हा दोष भाषेचा नाही; माझा खरा राग आहे तो शब्दांच्या जातींच्या, शाळेत पाठ करून घेतलेल्या तक्त्यावर. ‘वॉटर’ नामाच्या रकान्यात घोकलेलं मूल ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये क्रियापद शोधत बसतं. तो तक्ता भिंतीवरून काढावा. फळ्यावर ‘वॉटर’ची दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहावीत, कुठल्या ‘वॉटर’चं भूतकाळी ‘वॉटर्ड’ होतं, हे मुलांनाच तपासू द्यावं.