‘आईचं लक्ष नाही’ हे निदान नव्हे

मुलाचा दात किडला की घरात, शाळेत आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातही एकच वाक्य ऐकू येतं : ‘आईचं लक्ष नाही.’ मूल आजारी पडलं, अभ्यासात मागे पडलं तरी हेच. दातांच्या बाबतीत तर हे वाक्य इतकं सरावाचं झालं आहे की त्यात काही अन्याय आहे असं कुणाला, खुद्द आईलाही, वाटत नाही. मैत्रिणींनो, त्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी दातांची डॉक्टर आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फक्त मुलांसाठी दवाखाना काढला. दात किडल्यावर उपटण्यापेक्षा ते किडूच नयेत म्हणून काम करायचं, असं ठरवून काढला. कर्ज मागायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, ‘पडणाऱ्या दातांवर पैसे कोण खर्च करणार?’ आणि पाठोपाठ, ‘मिस्टर काय करतात?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. दुधाचे दात २०. साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात, अडीच-तीन वर्षांत पूर्ण होतात, आणि त्यांतल्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. मूल त्यांच्यावर जेवतं, वाढतं. खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही तेच राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते. कुठलाही दात न पडता ती उगवते, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि किडून जाते. ठणकणाऱ्या दाढेनं मूल रात्रभर रडतं तेव्हा त्याच्याबरोबर कोण जागतं, हे तुम्हाला सांगायला नको. साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं मला गरजेचं वाटलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आता या सगळ्या मुलांच्या आयांचं एकदमच दुर्लक्ष झालं म्हणायचं का?

कीड लागते म्हणजे काय होतं ते पाहू. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं. थोड्या वेळानं लाळ ते भरून काढू लागते, पण तेवढ्यात पुन्हा गोड खाल्लं तर तिला वेळच मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं, हे महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणं सगळ्यात वाईट.

हे झालं शास्त्र. पण ती बाटली तोंडात का जाते? पहाटे उठून चूल, पाणी, मग दुसऱ्याच्या रानात भांगलण, आणि रात्री भांडी घासून झाल्यावर रडणारं मूल. घरात कुणाचीही झोप मोडता कामा नये, ही तंबी तिलाच असते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मुलाच्या हातात का येतो? कारण कामाच्या ठिकाणी पाळणाघर नाही आणि पुडा मुलाला गप्प बसवतो. आजोबा दुकानातून गोळ्या आणतात ते लाड, वडील कुरकुरे-चॉकलेट आणतात ते प्रेम, आणि दात किडला की ते आईचं दुर्लक्ष!

प्रतिबंध आणि शिक्षण हे शब्द मला प्रिय आहेत, त्यांच्यासाठीच मी दवाखाना काढला. पण आपल्याकडची आरोग्यशिक्षणाची भित्तिपत्रकं वाचून पाहा. ‘मातांनो, हे करा. मातांनो, ते करू नका.’ ज्ञान सांगायचं आणि त्याबरोबर बाईच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचं. असं शिक्षण बाईला शहाणं करत नाही, अपराधी करतं.

म्हणून आमच्याकडे काही गोष्टी ठरवून केल्या आहेत. दवाखाना संध्याकाळी आणि रविवारी उघडा असतो, म्हणजे कुणाचा रोज बुडत नाही. एका भेटीला तरी वडिलांनी यायचंच. रात्रीचं ब्रश करणं हे काम आम्ही त्यांच्याकडे देतो आणि करून दाखवायला लावतो : फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. काहीजण हसतात, काहीजण चिडतात, पण बरेचजण शिकतात. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाचा हात लागतोच, आणि त्या हातात बांगड्या असल्या पाहिजेत असं दंतशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे आईचं तोंड आम्ही तपासतो, तेही तिच्यासाठी. ‘एका मुलामागे एक दात जायचाच’ असं आपल्या आज्या सांगत आल्या. ते खरं नाही. पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, त्यावर उपचार करता येतात, आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. पण बाईचा दात दुखतो तेव्हा तिला मिश्री लावायला सांगतात. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनावर १९९२ मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातली, तरी घरच्या तव्यावर तंबाखू भाजली जातेच. तिची सवय का लागते, हे बाईच्या कष्टांना आणि अर्धपोटी राबण्याला विचारा.

एका खाजगी दवाखान्यानं हा प्रश्न सुटणार नाही, हे मला माहीत आहे. उपदेशाची फी कुणी देत नाही, रूट कॅनालची देतात. म्हणून सरकारकडेच मागणी करायला हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, त्यात दातही येतात. पण तपासून चिठ्ठी दिली म्हणजे उपचार झाला नाही. ती चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं तर बाईचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची पेस्ट, कीड जागीच थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि दात भरायचं ग्लास आयनोमर सिमेंट घातलं. यांना ड्रिलचं यंत्र लागतंच असं नाही. मग ती प्राथमिक आरोग्य केंद्रात का नसावीत?

‘दात हा काय चळवळीचा प्रश्न आहे?’ असं काही मैत्रिणी विचारतात. चूल आणि पाणी हेही एके काळी घरगुती प्रश्नच होते.

तेव्हा आपल्या गटांनी तीन गोष्टी कराव्यात. गावातल्या तपासणीनंतर किती मुलांना खरोखर उपचार मिळाले, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमानं मनाई आहे, ती पाळली जाते का ते पाहावं. आणि मळ्यात, कारखान्याच्या तळावर पाळणाघराची मागणी लावून धरावी.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘आईचं लक्ष नाही’ म्हणालं, तर विचारा : बाकीच्यांचं कुठे आहे?