वजन टाकण्याची मुभा

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या घरी जेवणाच्या पानांवरच मोठा वाद माजला. आमच्या वडील बंधूंच्या सोळा वर्षांच्या नातीने, आपणांस ऑलिंपिक पद्धतीचे वेटलिफ्टिंग शिकावयाचे आहे, असे जाहीर केले. तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, वाढता वाढता थांबल्या. "मुलीची जात. कंबर धरली तर जन्माचे दुखणे," एवढेच त्या बोलल्या. अखेर योग्य जागा मिळाली तरच पाठवावे, असे ठरले आणि ती जागा शोधण्याचे काम आमच्याकडे आले. असा प्रसंग आमच्या इतर वाचकांवरही येण्याजोगा आहे, म्हणून आमचा अनुभव येथे देत आहोत.

प्रथम हा खेळ समजून घेतला पाहिजे. दंड पिळदार व्हावेत म्हणून वजने उचलतात, तो प्रकार हा नव्हे. यात दोनच प्रकारे वजन उचलावयाचे असते. स्नॅचमध्ये ते जमिनीवरून एका झपाट्यात डोक्यावर न्यावयाचे. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यांवर घेऊन मग वर न्यावयाचे. स्पर्धेत प्रत्येक प्रकारास तीन संधी मिळतात. हा खेळ स्त्रियांचा नव्हे, असे म्हणावयास आता जागा उरलेली नाही. २००० साली सिडनी येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना यात प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्याच वेळी कर्णम मल्लेश्वरी यांनी दोन्ही प्रकार मिळून २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

आम्ही पहिल्याने घराजवळच्या एका झकपक जिममध्ये गेलो. भिंतभर आरसे, थंडगार हवा, ओळीने मांडलेली यंत्रे. परंतु एका भिंतीवर 'वजने आपटू नयेत' अशी पाटी होती. चौकशी करता, खालच्या मजल्यावरील मंडळी तक्रार करतात, असे उत्तर मिळाले. तक्रार रास्तच होती. तथापि आमच्या कामास ती जागा निरुपयोगी ठरली. कारण या खेळात डोक्यावरचे वजन तोलले नाही, तर ते हळूच खाली ठेवता येत नाही. हात सोडून त्याच्या वाटेतून चटकन बाजूस व्हावे लागते. म्हणूनच त्याच्या प्लेटा रबराच्या आवरणाच्या असतात, मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि स्पर्धेचा चौथरा चार मीटर लांब व तितकाच रुंद असतो. जेथे वजन टाकण्याची बंदी, तेथे विद्यार्थी हातून सुटू पाहणारा भार धरून ठेवावयास जातो, आणि त्याची किंमत खांदा किंवा पाठ यांस मोजावी लागते.

दुसरी जागा एक जुनी तालीम होती. वस्ताद मोठे प्रेमळ. पण मुलीचा उत्साह पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी बारवर प्लेटा चढविल्या. आम्ही त्यांचे आभार मानून परत आलो.

तिसरी जागा गावाबाहेरील एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. तेथील शिक्षकांनी मुलीच्या हाती नुसती काठी दिली. ती पुढे टाकावयाची कशी आणि मागे टाकावयाची कशी, हाच पहिला धडा. स्त्रियांचा बार १५ किलोंचा व पुरुषांचा २० किलोंचा असतो. तो १५ किलोंचा बारही तिला पंधरा दिवसांनंतर मिळाला. मुलगी हिरमुसली, आम्ही मात्र निश्चिंत झालो.

साध्या जागेतून मोठे खेळाडू निघत नाहीत, असे कोणी समजू नये. सांगलीच्या संकेत सरगर यांचे वडील पानाची टपरी चालवीत. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात संकेत यांनी ११३ आणि १३५ असे एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. १३९ किलो उचलताना त्यांच्या कोपरास दुखापत झाली. कसलेल्या गड्यासही इजा चुकत नाही, मग नवशिक्या मुलीच्या बाबतीत पालकांनी किती दक्ष असावे!

म्हणून आमची सूचना अशी की, फी विचारण्यापूर्वी तासभर तेथे स्वस्थ बसून पाहावे. वजन टाकण्यास मोकळी जागा आहे काय? शिक्षक प्रत्येकाकडे पाहतो, की मोबाइलकडे? तेथे इतर मुली येतात काय, आणि त्यांस कपडे बदलण्याची सोय आहे काय? स्पर्धेत उतरावयाचे असल्यास जिल्हा संघटनेशी त्या संस्थेचा संबंध आहे काय? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, शिक्षक विद्यार्थ्यास 'आज पुरे' असे कधी म्हणतो काय?

गेल्या आठवड्यात वहिनी स्वतः तेथे आल्या. एका धट्टाकट्टा तरुण आणखी वजन चढवू लागला, तेव्हा शिक्षकांनी त्याचा हात धरून त्यास खाली बसविले. घरी परतताना वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुरे म्हणणारा माणूस आहे. जाऊ द्या पोरीला."