जपानला निघालेल्या मुलामुलींच्या आईवडिलांस



घाटकोपर-मुलुंडकडच्या वस्त्यांत रविवारची वंदना आटोपली की माता-भगिनी हल्ली आम्हाला एकच विचारतात, "दादा, पोरगी जपानला जाते म्हणते. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम आहे. पाठवू का?" आमचे उत्तर असे की पाठवा, पण कागद वाचून पाठवा.

जपान म्हातारा झाला आहे. पोरं कमी, काम करणारे हात कमी. म्हणून त्या देशाने २०१९ साली कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा काढला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी तसा करार केला. २०२४ अखेर तेथे ३७ लाखांवर परदेशी माणसे राहत होती. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारण पाच वर्षे राहता येते, नवरा-मुलांना नेता येत नाही. मात्र पगार जपानी माणसाच्या बरोबरीचा हवा असा नियम आहे आणि त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. दुसरी योजना १९९३ पासूनची, 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' नावाची. नाव शिकण्याचे, काम मजुराचे, आणि मालक बदलायची सहसा मुभा नाही! पासपोर्ट अडकवणे, पगार बुडवणे अशा तक्रारींनी ती इतकी बदनाम झाली की २०२४ साली जपानच्या संसदेने तिच्या जागी नवी योजना आणण्याचा कायदा केला. आपल्या पोरीचा कागद यांतला कोणता, हे एजंटाला आधी विचारा.

एजंट सांगणार नाही ते आम्ही सांगतो. जपान सरकारनेच २०१७ साली एका पाहणीचे आकडे जाहीर केले. घर शोधणाऱ्या परदेशी माणसांपैकी सुमारे ४० टक्क्यांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. 'आडनाव काय?' विचारून खोली नाकारणारी आपली मुंबई आम्हाला आठवली. दुकानातूनही परदेशी माणसाला हाकलल्याचा खटला हामामात्सु शहरात चालला. जपानकडे त्याविरुद्ध स्वतःचा कायदा नव्हता, म्हणून १९९९ साली न्यायाधीशाने आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन त्या बाईला भरपाई दिली. आपल्याकडे दुकान, हॉटेल, विहीर घटनेच्या कलम १५ मध्येच लिहिलेली आहे.

बुद्धाचा देश, तेथे भेद कसा असेल, असे काही बांधव म्हणतात. कातडी कमावणाऱ्या, जनावरे कापणाऱ्या 'बुराकु' लोकांना तेथे पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले. १८७१ साली सरकारने हुकूम काढून तो भेद रद्द केला, तरी समाजाच्या मनातून गेला नाही. १९२२ साली, म्हणजे आपल्या महाडच्या पाच वर्षे आधी, त्यांनी क्योतोला 'सुइहेइशा' ही संघटना उभारली. त्यांच्यातल्या मेलेल्या माणसांना कित्येक बौद्ध मंदिरांनी हिणवणारी धर्मनावे दिली होती!

भदंत सुरेई ससाई १९६०च्या दशकात जपानहून नागपूरला आले. पुढे व्हिसावरून त्यांना देशाबाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा आपल्या लोकांनी लाखो सह्या जमवल्या आणि ते भारताचे नागरिक झाले. तेथे आपल्या पोरीमागे सह्या करायला कोण आहे? तिच्या हातात फक्त करारनामा.

पैशाचे राहिले. परवानाधारक एजंटाची फी सरकारने ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच ठरवली आहे. परवाना सरकारच्या ई-मायग्रेट यादीत बघता येतो. भाषेच्या क्लासची फी वेगळी, तिचीही पावती घ्या. दागिने गहाण टाकण्याआधी करारनाम्याचे मराठी किंवा हिंदी भाषांतर मागा आणि रविवारी विहारात घेऊन या. आम्ही सोबत बसून वाचू.